आठ पायांची मुंगी

४ जून

मामा,

साष्टांग नमस्कार पुढच्या पत्रात घालते, आधी बातमी ऐक. मी झीन काढतेय! सोबत तिची डमी, म्हणजे कच्ची प्रत आहे. निळी पेन्सिल घे आणि सुरू हो.

झीन म्हणजे काय ते विचारशीलच. तळहाताएवढी पुस्तिका. लिहायचं आपण, मांडायचं आपण, छापायचं आपण, दोन पिना मारायच्या आणि जत्रेत टेबल टाकून बसायचं. आमच्या छपाईच्या दुकानाच्या बाईंनी दुपारच्या मोकळ्या वेळात यंत्र वापरू दिलंय. वर 'शाई पुसून ठेवत जा' म्हणून दम दिलाय.

विषय अर्थातच मुंगी. नऊ वर्षं तुला हेच ऐकवतेय, तरी पुन्हा ऐक, कारण पहिल्या पानावर हेच आहे. तेवीस वर्षांपूर्वी गोदामाला आग लागली तेव्हा दारं बाहेरून बंद होती. मालक म्हणाला, आत कुणी नव्हतंच. एकोणीस माणसं घरी परतली नव्हती, तरी असं म्हणाला. मग भिंतींवर ती पोस्टरं लागायला लागली. वहीच्या दोन पानांएवढा कागद, गच्च काळा, त्यातून उजळलेला एकेक चेहरा, खाली 'हा कुठे आहे?' नाहीतर 'ही कुठे आहे?', आणि सहीच्या जागी एक मुंगी. कोण काढतंय, कुठे छापतंय, कुणालाच कळलं नाही. सकाळी लागायची, दुपारपर्यंत फाडली जायची. अकरा झाली आणि थांबली. मी दहा वर्षांची होते, शाळेच्या वाटेवर एक पाहिलं होतं. त्या एका कागदामुळे मी या धंद्यात आले, हे आईला अजून पटत नाही.

अकराच्या अकरा आज माझ्याकडे आहेत. रद्दीवाले, जुने पोस्टमन, एका न्हाव्याच्या आरशामागचा पुठ्ठा, कुठून कुठून जमवलीत. दुसऱ्या कुणाकडे पूर्ण संच नाही.

आता पान सात बघ आणि भाचीचा अभिमान बाळग. सगळ्या पोस्टरांवर डाव्या कडेपासून चार बोटांवर, वरून खालपर्यंत, केसाएवढी पांढरी रेघ आहे. शाईच्या रुळाला चीर असली की अशी पडते, तूच शिकवलंस. म्हणजे सगळी एकाच यंत्रावरची! हे आजवर कुणी लिहिलेलं नाही.

पान अकरावर शेवटच्या तीन पोस्टरांची गंमत आहे. माझ्या मते ती मुंगीने काढलेलीच नाहीत. हात वेगळा आहे. मुंगीला चक्क आठ पाय आहेत! अकरावं तर इतकं कच्चं की मी ते तिकिटाएवढंच छापतेय. बाईचा चष्मा तिरका, नाक वाकडं, चेहरा कुणाचाच वाटत नाही. एकोणीस जणांच्या फोटोंतही ती कुठे सापडत नाही.

मामीला सांग, हे सगळं तिच्या रुसण्याच्या वर्षातलं. आई अजून म्हणते, 'गाव पेटलंय आणि ही बया चाळीस दिवस माहेरी जाऊन बसली.' चिडली तर माझं नाव सांगू नकोस.

शेवटच्या पानावर 'मुद्रितशोधन' म्हणून तुझं नाव ठळक टाकतेय. सत्तावीसला जत्रा आहे, तेव्हा लवकर पाठव.

तुझी भिंगरी


११ जून

चि. भिंगरीस आशीर्वाद.

डमी मिळाली. चुका पेन्सिलीने दाखवल्या आहेत. पान तीनवर 'गोदाम' शब्द एका ओळीत चारदा आला आहे. पान पाचवरचा मजकूर कडेला फार चिकटला आहे, कापताना जाईल.

पान सात आणि पान अकरा काढून टाकावीत. रेघेचं वगैरे वाचकाला काय घेणं? चित्रं आहेत, चित्रं दाखव. आपण किती शहाणे ते दाखवायला पुस्तिका काढत नाहीत. माझं नावही नको. मी काही विशेष केलेलं नाही.

जत्रेची घाई कशाला? पुढच्या वर्षीही जत्रा असेलच.

मामा

ता. क. अगं, मी मामी. हा डमी मला दाखवतच नाही, कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकलीय. काय लिहिलंयस तरी काय? माझ्याबद्दल आहे का काही? माझं बरं चाललंय. गुडघा बोलतो, चष्मा एका कानावरून सरकतो, बाकी मजेत. रुसून बसायला आता माहेरही उरलं नाही, हे तुझ्या आईला सांग.


१९ जून

मामा,

माझी दोनच चांगली पानं, आणि तीच काढून टाक म्हणतोस? बाकी काय राहिलं मग, चेहरे आणि पिना?

खरं सांगू? तुला राग आलाय. चाळीस वर्षं तू रूळ फिरवलेस, आणि ती रेघ दिसली कालच्या पोरीला. नाही म्हणू नकोस. तुझी पेन्सिल पान सातवर इतकी दाबलीय की कागद फाटलाय. माझ्यावर एवढा कधी चिडला नव्हतास. अगदी तुझ्या शाईच्या डब्यात मी मांजराचं पिल्लू ठेवलं होतं तेव्हासुद्धा.

'गोदाम' कमी केलं. मजकूर आत घेतला. पण सात आणि अकरा राहणार, आणि तुझं नावही राहणार. ज्याने मला कागद उजेडात धरून बघायला शिकवलं त्याचं नाव नाही टाकायचं तर कुणाचं टाकायचं? आजपासून छपाईला बसतेय. दीडशे प्रती. मामीची तुला लगेच पाठवते, किल्ली लावून ठेवलीस तर बघ.

भिंगरी


२३ जून

भिंगरे,

छापू नकोस. छापलं असशील तर बाहेर काढू नकोस. राग नाही आला मला. भीती वाटते आहे. तुला वाटत होतं तुझा मामा कशालाच भीत नाही, तर तसं नाही. कारण पत्रात लिहिता येत नाही आणि फोनवर बोलता येत नाही.

गोदामाचा मालक आता केवढ्या मोठ्या खुर्चीवर जाऊन बसलाय ते रोज पेपरात वाचतेसच. त्या पोस्टरांची फाइल त्याने अजून बंद होऊ दिलेली नाही.

एवढं ऐक माझं. जन्मात दुसरं काही मागितलेलं नाही.

मामा


३० जून

मामा,

तुझं तेवीसचं पत्र काल, एकोणतीसला मिळालं. जत्रा सत्तावीसला झाली.

बासष्ट प्रती गेल्या. मी तुला नाचत नाचत पत्र लिहिणार होते. तू घाबरलायस हे वाचलं आणि ते राहूनच गेलं. काय झालंय ते मला कळत नाही, पण एक गोष्ट तुला सांगायलाच हवी.

टेबलाशी एक माणूस आला होता. पन्नाशीचा, स्वच्छ शर्ट, अगदी मऊ बोलणारा. म्हणाला, जुने कागद जमवतो. दोन प्रती घेतल्या. पान सात उभ्या उभ्या वाचलं, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. 'ही रेघ तुम्हीच शोधलीत?' मी म्हटलं, हो. मामा, मला इतकं बरं वाटलं! कुणीतरी नीट वाचतंय म्हणून मी बोलतच सुटले. रूळ म्हणजे काय, चीर कशी पडते, आठ पाय, वेगळा हात, सगळं. त्याने माझंच पेन मागून घेतलं आणि माझ्याच झीनच्या मागे टिपून ठेवलं. मग शेवटचं पान उलटून म्हणाला, 'मुद्रितशोधन करणारे हे या धंद्यातलेच का?'

मी म्हटलं, माझा मामा आहे, चाळीस वर्षं छापतोय.

'कुठे असतात ते?'

मी सांगितलं. गावाचं नावही सांगितलं आणि गल्लीचंही.

पेन परत द्यायला तो विसरला नाही. 'फार बारीक नजर आहे तुमची,' म्हणाला. तेव्हा मला ते कौतुक वाटलं होतं.

मामा, मी काय केलंय? सांग ना.

भिंगरी


४ जुलै

भिंगरे,

हे पत्र पोस्टाने नाही. कागदाची रिमं घेऊन तुमच्याकडे येणाऱ्या ड्रायव्हरच्या हाती देतो आहे. तो घरचा आहे. उत्तरही त्याच्याच हाती दे.

तुझ्या दहाव्या वाढदिवसाला मी एक वही केली होती, काळ्या कव्हरची. तू काहीच टाकत नाहीस, तेव्हा असेलच. ती काढ आणि उजेडात धर.

मग मामी चाळीस दिवस माहेरी गेली होती ते दिवस आठव, आणि तुझी शेवटची तीन पोस्टरं कधी लागली ते बघ. तारखा तूच लिहिल्या आहेस, पान अकरावर.

मामा


५ जुलै

मामा,

वही सापडली. काळ्या कव्हरला चार बोटांवर रेघ आहे.

मी अर्धा तास तशीच फरशीवर बसून होते. आईने विचारलं काय झालं, म्हटलं, पाठ धरली. हे पत्र लिहितेय तेही दार लावून. ड्रायव्हर खाली चहा घेतोय, त्याला चार वेळा विचारलं, 'तुम्ही नक्की आजच निघणार ना?' तो हसला. मला हसू येत नाही.

मला जे कळलं ते लिहिते. चुकत असेल तर सांग. मुंगी म्हणजे आपली मामी. पहिली आठ तिची. यंत्र तुझं, तेव्हाही तुझंच होतं. मामी माहेरी गेलीच नव्हती, तिला चौकशीसाठी उचलून नेलं होतं. आणि ती आत असताना तू तीन काढलीस, तुला कोंबडीसुद्धा काढता येत नाही तरी काढलीस. बाहेर पोस्टरं लागतच राहिली, म्हणून त्यांना वाटलं, आपण भलत्याच बाईला धरलंय. म्हणून सुटली.

आणि आम्ही तेवीस वर्षं तिला रुसूबाई म्हणतोय. ती हसते. प्रत्येक वेळी हसते, मामा!

म्हणजे मी काय छापलं ते आता मला कळलं. पान अकरावर मी सिद्ध केलं की शेवटची तीन दुसऱ्याची, म्हणजे मामीची सुटका खोटी. पान सातवर सिद्ध केलं की यंत्र तेच. आणि शेवटच्या पानावर यंत्राच्या मालकाचं नाव, ठळक. मी तिच्यावर प्रेम करायला बसले होते रे. नऊ वर्षं. दुश्मनानेसुद्धा एवढी मेहनत घेतली नसती.

रडून काही होणार नाही, म्हणून पुढचं ठरवलंय. उरलेल्या प्रती आजच कापून लगदा करायला टाकल्या. ज्यांच्याकडे गेल्या त्यातल्या बहुतेकांना मी ओळखते, त्यांना शुद्धिपत्र पाठवतेय. मजकूर असा: 'पान ७: पोस्टरांवरची रेघ ही मूळ पोस्टरांवर नसून आमच्या स्कॅनरच्या काचेवरच्या ओरखड्याची आहे. पान ११: शेवटची तीन चित्रं दुसऱ्या हाताची, हे विधान आम्ही मागे घेत आहोत. संपादिकेला या विषयाचं पुरेसं ज्ञान नव्हतं.'

ओरखडा आत्तापर्यंत नव्हता, आज आहे. काच कापायच्या हिऱ्याने ओढला, पट्टी लावून, चार बोटांवर. दुकानात कुणी नव्हतं. बाईंना कळलं तर नोकरी जाईल, जाऊ दे.

आणि मूळ पोस्टरं. मामा, रेघ चेहऱ्यांतून गेलेली आहे, ती कापून काढता येत नाही. मूळ प्रत एक जरी राहिली तरी शुद्धिपत्र खोटं ठरतं. दुसऱ्या कुणाकडे एखाददुसरी असेलही, पण अकरा एका रांगेत ठेवून दाखवता येतील अशी फक्त माझ्याकडेच आहेत. तूच सांग, काय करू? मला माहीत आहे काय करायचं ते, पण माझ्या हाताला तू सांग.

भिंगरी


७ जुलै

जाळ.

मामा


१२ जुलै

भिंगरे,

तो सोमवारी सकाळी आला. तू लिहिलंस तसाच आहे. बसायला खुर्ची मागितली, पाणी मागितलं. पाणी मामीने दिलं. देऊन ती परत मोजे विणायला बसली.

म्हणाला, 'काळ्या कव्हरच्या पन्नास वह्या हव्यात. गच्च काळं, वर काही नको.' मी म्हटलं, चार दिवसांनी या. तर म्हणे, 'वेळ आहे मला. छापताना बघायला आवडतं.' आणि तिथेच बसला.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी रूळ काढला होता. करवतीने चार तुकडे केले. तीस वर्षं तो रूळ मी कुणाला हात लावू दिला नव्हता. नवा बसवून दोनच दिवस झाले होते. शाई अजून नीट धरत नव्हता. पहिला कागद बाहेर आला तेव्हा मी बघितलाच नाही, त्याच्याकडेच बघत राहिलो. त्याने तो दोन बोटांत धरून खिडकीशी नेला. स्वच्छ होता कागद, रेघ नव्हती.

'रूळ नवा दिसतो,' म्हणाला.

मी म्हटलं, 'जुना चिरला होता.'

चिरला! झिजला म्हणता आलं असतं, फुगला म्हणता आलं असतं, शंभर शब्द होते. भीतीने माणसाच्या तोंडून नेमकं तेच निघतं. खिशातून तुझी झीन काढली आणि तिच्या मागे काहीतरी लिहिलं. वह्या घेऊन गेला. जाताना मामीला म्हणाला, 'चष्मा घट्ट करून घ्या, बाई, पडेल.'

आता तो तुझ्याकडे येणार. या गावात वीस वर्षांच्या पावत्या माझ्या यंत्रावरच्या आहेत, त्या मी कुठे कुठे शोधू? सगळं तुझ्या काचेवर आहे.

मामीने झीन पाहिली. तिच्यासाठीची प्रत पोस्टात रखडून परवा आली. मी बाजारात गेलो होतो, टपाल तिनेच घेतलं. दोन दिवस ती माझ्याशी धड बोलत नाहीये. घाबरली आहे की चिडली आहे, मला उमगत नाही.

मामा


१६ जुलै

मामा,

आला होता.

दुपारी दीड. बाई हिशोबाच्या टेबलाशी जेवत होत्या, मी एकटीच यंत्रापाशी. 'शुद्धिपत्र वाचलं,' म्हणाला. 'वाईट वाटलं. इतकी चांगली नजर, आणि काचेने फसवलं. बघू या का ती काच?' मी काळा कागद ठेवला, स्कॅन केला. पडद्यावर रेघ आली. त्याने झीन काढून शेजारी धरली. जागा बरोबर होती. पट्टी लावून ओढली होती, बरोबर येणारच.

मग त्याने झाकण उघडलं आणि काचेवरून नख फिरवलं. हळूच, वरपासून खालपर्यंत. नखाकडे बघितलं. नखावर पांढरी पूड होती.

'ओरखडा ताजा दिसतो,' म्हणाला.

तेवढ्यात मागून बाई कडाडल्या, तोंडात घास असताना: 'ताजा कसला? दोन वर्षं कानीकपाळी ओरडतेय, काच बदल, काच बदल! आणि पुसायची पावडर तशीच सोडते ही, बघा! साहेब, तुम्हाला पटत असेल तर हिला तुमच्या ऑफिसात घेऊन जा, मी सुटेन एकदाची!'

तो हसला. खरंखुरं हसला. मग विचारलं, 'मूळ पोस्टरं कुठे आहेत?' मी म्हटलं, रद्दीत दिली, घरात वाळवी लागली होती. म्हणाला, 'नऊ वर्षं जमवलेली?' मी म्हटलं, काच बघून कळलं की माझं सगळं संशोधन फुकट गेलं, रागाच्या भरात दिली. मी रडायला लागले. ते मात्र मला खोटं रडावं लागलं नाही. 'असू द्या,' म्हणाला आणि गेला. पुन्हा येईन म्हणाला नाही, येणार नाही असंही म्हणाला नाही. दोन्ही प्रती त्याच्याकडेच आहेत.

बाईंनी हात धुतले, माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, 'मला काही सांगू नकोस. काच तुझ्या पगारातून.'

पोस्टरं जाळली ती आठ तारखेला, गच्चीवर, रंगाच्या रिकाम्या डब्यात, दुपारी, सगळे झोपलेले असताना. एकेक करून. घाई करायला हवी होती, पण प्रत्येकाकडे एकदा तरी बघितल्याशिवाय हातातून सुटेना. अकरावं शेवटी टाकलं.

टाकताना पहिल्यांदा मला ते ओळखू आलं. ते तुला विचारायचं नाही मला, मामीलाच कधीतरी सांगेन. तिला पत्र लिहू का? ती चिडलीय का माझ्यावर?

भिंगरी


२१ जुलै

माझ्या भिंगरे,

तुझ्यावर चिडू? तू नऊ वर्षं माझ्याबद्दल इतकं चांगलं बोलत होतीस आणि मी शेजारी बसून मोजे विणत होते, 'असं होय?' म्हणत. एवढी चैन कुणाला मिळते?

भीती मात्र वाटते. रोज वाटते. दाराशी पाऊल वाजलं की या वयात मी उठून आधी मागचं दार बघते. ती तेवीस वर्षांची सवय आहे, तुझ्यामुळे लागलेली नाही. तू उगाच डोक्यात घेऊ नकोस.

मी चिडले होते ती तुझ्या मामावर. ऐक. आत असताना मला सांगायचे, 'बाहेर अजून लागतायत.' मला वाटायचं खोटं बोलतायत, घोळात घ्यायला. घरी आले तेव्हा भिंती पुसलेल्या होत्या. हा म्हणाला, मीच काढली, कशीतरी. दोन पेपरातल्या फोटोंवरून. मी विचारलं, तिसरं? तर म्हणाला, असंच, कुणाचं तरी. मी पुन्हा कधी विचारलं नाही. विषयच नको असायचा.

तुझी झीन आली त्या दिवशी तिच्यात ते तिकिटाएवढं पाहिलं. भिंग लावलं. तिरका चष्मा पाहिला. तेवीस वर्षं, भिंगरे! एका ताटात जेवलो आणि हा माणूस बोलला नाही. मी झीन त्याच्यापुढे धरून विचारलं, हे काय? तर प्रुफातून मान वर न करता म्हणतो, 'नाक जमलं नाही.'

माझी आठ जाळलीस, त्यासाठी एक टिपूससुद्धा गाळू नकोस. ते चेहरे मला पाठ आहेत. ती माणसं कुठे आहेत ते मला तेव्हाही माहीत होतं आणि मालकालाही माहीत होतं.

पण ते एक मी पाहिलंच नाही. मोठं तू पाहिलंयस, नऊ वर्षं. कसं होतं ते मला सांग. नीट सांग. वाचून झालं की लगेच विस्तवात घालीन, शप्पथ.

तुझी मामी, रुसूबाई


२५ जुलै

मामी,

ड्रायव्हर खाली उभा आहे. आज मी त्याला थांबवून ठेवलंय.

नाक खरंच वाकडं होतं. डावा डोळा उजव्यापेक्षा मोठा होता, आणि दोन्ही डोळ्यांत त्याने उजेड ठेवलाच नव्हता, विसरला असणार. चष्मा डाव्या कानावरून खाली आलेला. पण काड्या मात्र एकेक करून काढल्या होत्या, बिजागरीचा बारीक स्क्रूसुद्धा. केस पुन्हा पुन्हा गिरवलेले, तिथे कागद शाईने जाड झाला होता, बोटाला लागायचा. ओठ बंद. गळ्याशी ब्लाऊजचं एक बटण तुटलेलं, नुसते दोरे लोंबणारे. ते मला नऊ वर्षं डाग वाटत होतं. नेलं तेव्हा तुटलं होतं ना ते?

'ही कुठे आहे?' ही अक्षरं बाकीच्या दहांपेक्षा मोठी होती. तिथे तो कुठेही चुकला नव्हता. दोन अक्षरांतली जागा इतकी सारखी की मी एकदा पट्टी लावून मोजली होती.

मुंगी कोपऱ्यात होती, अगदी कडेला, आठ पायांची. मी छापलं होतं की चित्रकाराचं लक्ष नव्हतं. लक्ष होतं, मामी. माणूस घाबरला होता, पाय मोजता आले नाहीत.

तेव्हा माझं शेवटचं शुद्धिपत्र, एकाच प्रतीपुरतं. वाच आणि जाळ.

पान ११, ओळ सहावी: 'चेहरा कुणाचाच वाटत नाही' याऐवजी 'मामी' असं वाचावं.

भिंगरी